मद्रासचा किराणा, टपऱ्या आणि लोपलेला खाऊ

विसाव्या शतकातल्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, मुलांचा खाऊ घरी येण्याच्या चार वाटा होत्या. माउंट रोडवरची विलायती धाटणीची मोठी दुकाने ही पहिली, सहकारी भांडारे ही दुसरी, गल्लीच्या तोंडाशी असलेले अण्णाच्चीचे किराणा दुकान ही तिसरी आणि लाकडी खोक्याएवढी टपरी, तिकडच्या भाषेत ‘पेट्टी कडै’, ही चौथी. साठी ओलांडलेले चेन्नईकर आज ज्या चवींची आठवण काढतात, त्यांपैकी बहुतेक शेवटच्या दोन वाटांनी आलेल्या होत्या. लोकांची आवडनिवड पालटली म्हणून या चवी गेल्या असे म्हटले जाते. ते पुरेसे खरे नाही. या चवी ज्या दुकानदारीवर उभ्या होत्या, तिची घडी विस्कटली आणि तिच्याबरोबर त्याही गेल्या.

चारांपैकी परदेशी मालाची वाट सर्वांत जुनी. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने 1833 मध्ये अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला धाडला. पुढे मद्रासच्या किनाऱ्यावरही हा बर्फ उतरू लागला आणि तो साठवण्यासाठी 1842 मध्ये समुद्रासमोर गोलाकार दर्शनी भागाचे बर्फघर बांधले गेले. भारतात यंत्रावर बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार बसला. 1897 मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद याच वास्तूत उतरले होते. तिचे आजचे नाव विवेकानंदर इल्लम आहे. भोवतालच्या वस्तीला मात्र लोक अजून ‘आइस हाउस’च म्हणतात. थंड पेय ही त्या काळी गोऱ्या साहेबाची आणि श्रीमंतांची चैन होती.

त्याच वर्गासाठी 1863 च्या सुमारास माउंट रोडवर स्पेन्सरचे दुकान सुरू झाले. डबाबंद चीज, बिस्किटे, मुरंबे आणि कंपनीने स्वतः भरलेले सोडावॉटर तिथे मिळे. 1895 मध्ये उभी राहिलेली तिची लाल, मनोऱ्यांची इमारत शहराची शान होती. 1980 च्या दशकातल्या आगीत ती नष्ट झाली आणि त्या जागी स्पेन्सर प्लाझा उभा राहिला. विलायती माल स्पेन्सरच्या काउंटरवरून साध्या किराणा दुकानात पोहोचवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे जाते. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या कृष्णमाचारींनी 1928 मध्ये मद्रासमध्ये मालवितरणाची पेढी काढली. हॉर्लिक्स, ओव्हल्टीन, कॅडबरी असा माल या पेढीमार्फत दक्षिणेतल्या गावोगावच्या दुकानांत जाऊ लागला. 1960 च्या सुमारास पंजाबातल्या नाभा येथे हॉर्लिक्स बनू लागल्यावर ते मध्यमवर्गीय घरात कायमचे आले. दूध महाग आणि पातळ असण्याच्या त्या दिवसांत आजारी माणसाला, परीक्षेला बसलेल्या मुलाला आणि बाळंतिणीला हॉर्लिक्स दिले जाई. रिकामी झालेली जाड काचेची बाटली धुऊन त्यात डाळ, साखर किंवा लोणचे भरले जाई. तमिळ स्वयंपाकघरातली अशा बाटल्यांची फळी मराठी घरातही अगदी तशीच दिसे.

दुसरी वाट मध्यमवर्गाने स्वतः बांधली. तिरुवल्लिक्केणी म्हणजे ट्रिप्लिकेन या भागात 1904 मध्ये ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली. देशातल्या सर्वांत जुन्या ग्राहक सहकारी संस्थांत तिची गणना होते. चोख वजन, भेसळ नसलेला माल आणि वाजवी दर एवढेच तिचे उद्दिष्ट होते, आणि पगारदार कारकून-शिक्षकांच्या वस्तीत तेवढे पुरेसे होते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि मद्रासला येणारा रंगूनचा तांदूळ थांबला. शिधावाटपाच्या त्या काळात सहकारी भांडारांचे महत्त्व वाढले. 1952 मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी तांदळावरचे नियंत्रण उठवले, तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन भांडारात जाण्याची सवय अनेक घरांनी पुढेही सोडली नाही.

तिसरी वाट सर्वांत रुंद होती. विरुदुनगर, तिरुनेल्वेली, तूत्तुक्कुडी या दक्षिण जिल्ह्यांतले नाडार व्यापारी विसाव्या शतकात मोठ्या संख्येने मद्रासला आले आणि शहराचा किरकोळ किराणा बहुतांशी त्यांच्या हाती गेला. त्या भागात थोरल्या भावाला अण्णाच्ची म्हणतात. शहराने तेच संबोधन दुकानदाराला दिले आणि ‘अण्णाच्ची कडै’ हे गल्लीतल्या दुकानाचे नावच झाले. गावाकडून आलेली मुले दुकानात राहून काम शिकत आणि हिशेबात तयार झाली की मालकाच्या मदतीने स्वतःचे दुकान थाटत. पहाटे उघडणारे आणि रात्री उशिरा बंद होणारे हे दुकान उधारीच्या वहीवर चाले. पगार होईपर्यंत माल मिळण्याची हमी हेच त्याचे भांडवल होते.

या दुकानात जवळजवळ सगळा माल सुटा असे. धान्य गोणपाटाच्या तोंड वळवलेल्या पोत्यांत, तेल पत्र्याच्या डब्यांत, गूळ ढेपेत, चिंच टोपलीत. धान्य मापून देण्यासाठी पितळी किंवा लोखंडी ‘पडि’ असे. आठ आळाक्कूंची एक पडि होई. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रिक वजने सक्तीची झाली, तरी तोंडी हिशेबात पडि बराच काळ टिकली. पुडी बांधणे ही तर कसबाची गोष्ट होती. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन डाव्या हातावर घेऊन दुकानदार त्याचा शंकू करी, त्यात जिरे किंवा डाळे ओती, तोंड आत दुमडी आणि वर टांगलेल्या रिळावरून दोरा ओढून चार फेऱ्यांत गाठ मारी. कात्री लागत नसे. बोटाच्या झटक्याने दोरा तुटे. यादीच्या शेवटी मुलाच्या हातावर गुळाचा खडा किंवा मूठभर भाजलेले डाळे ठेवले जाई. पैसे न मोजता मिळणारा हा खाऊ गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा जुना मार्ग होता.

हिंगाची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. मुंबईच्या लालजी गोधू पेढीचा ‘एलजी’ हिंग तमिळ घराघरात पोहोचला होता. आजच्यासारखी पूड तेव्हा फारशी वापरात नव्हती. चिवट, काळपट वडी मिळे. तिचा तुकडा चिमटीत तोडून पाण्यात भिजत घालायचा आणि ते पाणी सांबार-रसमात घालायचे. ज्या बरणीत ही वडी असे, ती उघडताच सगळ्या घराला कळे.

चौथी वाट मुलांची स्वतःची होती. पेट्टी कडै शाळेच्या फाटकाशी, बसथांब्याजवळ किंवा देवळाच्या वाटेवर असे. वर केळ्यांचे घड, बाजूला विड्याची पाने आणि पुढच्या फळीवर पत्र्याच्या झाकणाच्या काचेच्या बरण्यांची रांग. पाच-दहा पैशांत त्यांतले काहीतरी हातात येई. कमरकट्टू म्हणजे गुळाच्या पक्क्या पाकात खोबरे घालून वळलेली, दगडासारखी कडक काळी गोळी. ती गालात धरली की तासाभराची निश्चिंती. तेन मिठाई तांदूळ आणि उडदाच्या पिठाची: लहान गोळ्या तळून साखरेच्या पाकात मुरवत, वरून कोरडी, लाल-केशरी दिसणारी ही गोळी दाताखाली फुटली की आतला पाक जिभेवर सांडे. एलंदै वडै हे आपल्या बोरकुटाचे भावंड: बोरे बियांसकट कुटून त्यात गूळ, मिरची, मीठ आणि हिंग घालून थापलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या चकत्या. शेंगदाण्याची चिक्की, म्हणजे कडलै मिठाई, दक्षिणेतल्या कोविलपट्टीची नावाजलेली. याखेरीज रायआवळे, करवंदे आणि तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड हा हंगामी माल फाटकाबाहेरच्या टोपलीत असे.

जव्वु मिठाईवाला मात्र स्वतःच्या पायांवर फिरे. उंच बांबूच्या टोकाला झगा घातलेली बाहुली, तिच्याखाली बांबूला गुंडाळलेला गुलाबी-पांढरा साखरेचा लवचिक गोळा. दोरी ओढली की बाहुली टाळ्या वाजवी आणि मुले गोळा होत. विक्रेता गोळ्यातून धागा ओढून पाहता पाहता त्याचे घड्याळ, मोर किंवा साखळी करी. घड्याळ मनगटावर बांधून देई आणि उरलेला चिमूटभर तुकडा गालावर चिकटवी. मूल ते घड्याळ आधी सर्वांना दाखवी आणि मग चाटून संपवी. रात्री जेवणानंतर सोनपापडीचा हातगाडा घंटा वाजवत येई आणि गाड्यावरच्या काचेच्या मोठ्या भांड्यातली सोनपापडी कागदावर मिळे. मरीना किनाऱ्यावर संध्याकाळी वाटाण्याचे सुंडल विकले जाई, त्यात ओले खोबरे आणि कैरीचे बारीक तुकडे घातलेले. या सगळ्या मालाला ना छाप होती ना वेष्टन. तो उत्तर मद्रासच्या आणि आसपासच्या गावांच्या घरगुती भट्ट्यांवर बने, आणि बनवणाऱ्याचे नाव खाणाऱ्याला कधीच कळत नसे.

कारखान्यातल्या गोळ्या याच बरण्यांत शिरल्या. 1788 मध्ये मद्रासला आलेल्या थॉमस पॅरी या वेल्श व्यापाऱ्याच्या पेढीने शहराला ‘पॅरीज कॉर्नर’ हे ठिकाण दिले. कडलूरजवळच्या नेल्लिकुप्पम येथे या पेढीचा साखर कारखाना होता आणि तिथेच 1914 पासून गोळ्या बनवण्याचा उद्योग वाढला. पॅरीजची लॅक्टो किंग आणि 1980 च्या दशकातली कॉफी बाइट दक्षिणेतल्या दोन पिढ्यांच्या ओठांवर राहिली. ही कॉफी की टॉफी, हा तिच्या जाहिरातीतला वाद मुले शाळेत खेळत. 1952 मध्ये त्या वेळच्या मद्रास राज्यातल्या चित्तूर येथे न्यूट्रीन सुरू झाली आणि वाढदिवसाला वर्गात वाटायच्या गोळ्यांवर तिने आपला हक्क सांगितला. पुढे 2004 मध्ये पॅरीजचा गोळ्यांचा व्यवसाय दक्षिण कोरियाच्या लोट्टेकडे गेला आणि 2006 मध्ये न्यूट्रीन गोदरेजने घेतली. काही नावे राहिली, मालक बदलले.

पेयांचा इतिहास बाटलीच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. लंडनच्या हिरम कॉडने 1870 च्या दशकात गळ्यात काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूचा दाब गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो आणि बाटली आपोआप बंद राहते. बूच लागत नाही. महाराष्ट्रात या बाटलीला गोटी सोडा म्हणत, मद्रासमध्ये ‘गोली सोडा’. बाटली धरून लाकडी खुंटीवर अंगठ्याने दाब दिला की फस्सकन आवाज होऊन गोटी खाली येई. लिंबू-मीठ घातलेला सोडा उन्हावरचा उतारा होता, आणि गुलाबपाण्याचा ‘पन्नीर सोडा’ लग्नाच्या जेवणानंतरचा मान. उन्हाळ्यात नन्नारी म्हणजे अनंतमुळाच्या मुळांचे सरबत मिळे. मातकट, थंड वासाचा तो पाक लिंबू आणि पाण्यात मिसळून देत. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या परिसरात वर्तमानपत्रे विकणाऱ्या काळत्तीच्या दुकानातले रोझ मिल्क तिथल्या शाळकरी मुलांच्या दिवसाचा भाग होते. 1927 पासूनचे हे दुकान अजून चालू आहे.

कारखान्यात भरलेल्या रंगीत पेयांत तमिळनाडूचे स्वतःचे नाव म्हणजे काळीमार्क. पी. व्ही. एस. के. पळनियप्प नाडार यांनी 1916 मध्ये विरुदुनगरला सोडा भरण्याचा हा धंदा सुरू केला. द्राक्षाच्या चवीचे, गडद रंगाचे बोवोंटो हे त्यांचे पेय 1950 च्या दशकाअखेरीपासून गावोगावच्या दुकानांत पोहोचले. 1977 मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि मुंबईच्या पार्लेचे गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप यांना मोकळे मैदान मिळाले. बाटली दुकानातच उभ्याने प्यायची आणि काच परत द्यायची, नाहीतर अनामत भरायची. परत आलेली काच धुऊन पुन्हा भरायची म्हणजे बाटलीचा प्रवास लांबचा असून चालत नसे. त्यामुळे तालुक्या-तालुक्यात लहान सोडा कारखाने जगू शकले.

आइसफ्रूटचेही तसेच. बर्फाच्या कारखान्याशेजारी काडीवरचे आइस बनवून लाकडी पेटीत भरायचे आणि वितळायच्या आत हातगाडीवर विकायचे. दुधाच्या आइसच्या टोकाला शिजवलेल्या शेवया घातलेले ‘सेमिया आइस’ मुलांच्या खास आवडीचे. 1970 मध्ये रायपुरम भागात आर. जी. चंद्रमोगन यांनी तेरा हजार रुपयांच्या भांडवलावर अशीच आइस बनवायला सुरुवात केली. त्यातून अरुण आइसक्रीम आणि पुढे हॅटसन अॅग्रो ही देशातली मोठी खाजगी दुग्धकंपनी उभी राहिली. गल्लीतल्या खाऊतून एवढा मोठा उद्योग झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

घडी विस्कटण्याचे कारण एकच नव्हते. वीस वर्षांत अनेक गोष्टी एकामागून एक घडल्या. 1975 मध्ये मद्रासला दूरदर्शन आले आणि खाऊची निवड जाहिरात करू लागली. त्याच सुमारास कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू लहान पाकिटातून विकून दाखवला. हीच युक्ती पुढे कॉफी, मसाला, लोणचे आणि चिवड्यापर्यंत पोहोचली. 1977 च्या नियमांनी वेष्टित मालावर वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापणे बंधनकारक केले. ग्राहकाच्या हिताचा हा नियम योग्यच होता, पण निनावी बरणीच्या मालाला त्यात जागा उरली नाही. 1993 मध्ये कोका-कोला परतली, तिने पार्लेची पेये विकत घेतली आणि गोल्ड स्पॉट बाजारातून गेले. प्लॅस्टिकच्या बाटलीला परतीचा प्रवास नसल्याने शेकडो मैलांवरून पेय आणणे परवडू लागले आणि स्थानिक सोडा कारखान्यांचा एकमेव आधार तुटला. 1996 मध्ये दोन गोष्टी घडल्या: कोत्तवाल चावडीचा भाजीबाजार जॉर्ज टाउनमधून कोयंबेडूला हलला आणि फूडवर्ल्ड या सुपरमार्केट साखळीचे पहिले दुकान चेन्नईतच उघडले. 1997 मध्ये आइसक्रीम आणि बिस्किटे लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंच्या यादीतून वगळली गेली.

या बदलाने काही चांगलेही केले. जुना खाऊ सगळाच निर्मळ नव्हता. कापडाचे रंग मिठाईत घालण्याचा प्रकार जुना आहे आणि तो पूर्ण थांबलेलाही नाही: 2024 च्या फेब्रुवारीत नमुन्यांत रोडामाइन-बी हा घातक रंग सापडल्यावर तमिळनाडू सरकारने साखरेच्या कापसाच्या, म्हणजे म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली. बरणीतल्या गोळीचे गोडवे गाताना हेही लक्षात ठेवावे लागते.

टिकून राहिलेल्या वस्तूंकडे पाहिले तर एक सूत्र दिसते. ज्यांचा कच्चा माल जवळचा आणि ज्यांचे वितरण दुकानदारांच्या स्वतःच्या हातात, त्या तगल्या. 2017 च्या जानेवारीत जल्लिकट्टू या बैलांच्या खेळासाठीच्या आंदोलनाने मरीना भरून गेला, त्यानंतर तमिळनाडूतल्या व्यापारी संघटनांनी 1 मार्चपासून कोका-कोला आणि पेप्सी न विकण्याचे ठरवले आणि बोवोंटोची मागणी एकदम वाढली. किराणा दुकानदार, गावोगावचे विक्रेते आणि काळीमार्क यांचे जुने संबंध शाबूत होते, म्हणूनच ते घडू शकले. 2019 मध्ये श्रीविल्लिपुत्तूरच्या पालकोवा या खव्याच्या मिठाईला आणि 2020 मध्ये कोविलपट्टीच्या कडलै मिठाईला भौगोलिक मानांकन मिळाले. ताडाचा गूळ, ताडाची खडीसाखर आणि उन्हाळ्यातले ताडगोळे आजही चेन्नईच्या रस्त्यावर मिळतात, कारण ताड तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे आणि त्याची फळे उतरवणारे, वाहणारे, विकणारे हात अजून आहेत. याउलट 2023 मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने कॅम्पा हे जुन्या शीतपेयाचे नाव परत आणले, तेव्हा आले ते नाव; जुन्या कारखान्यांची आणि काचेच्या बाटल्यांची व्यवस्था काही आली नाही. चेन्नईच्या दुकानांत आता कमरकट्टू, तेन मिठाई आणि एलंदै वडै यांचे मिश्र डबे ‘जुन्या आठवणी’ म्हणून विकले जातात. त्यांतून चव बरीचशी मिळते. उधारीची वही, पुडीची गाठ आणि हातावर ठेवलेला गुळाचा खडा त्यात येत नाहीत.

या इतिहासातला मोठा भाग अजून लिहिला गेलेला नाही. स्पेन्सर, पॅरी आणि काळीमार्क यांची कागदपत्रे आहेत. कमरकट्टू वळणाऱ्या बाईची आणि जव्वु मिठाईचा बांबू खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माणसाची नोंद कुठेही नाही. ही उणीव एकट्या चेन्नईची नाही. पुणे, सोलापूर, बेळगाव, पणजी इथल्या शाळांच्या फाटकाबाहेर बोरकूट, चिंचेच्या गोळ्या, लिमलेट आणि बर्फाचे गोळे विकणाऱ्यांचीही तीच स्थिती आहे. ज्यांच्या घरी जुन्या दुकानाच्या वह्या, पत्र्याचे डबे, सोड्याच्या बाटल्या किंवा खाऊ बनवण्याची माहिती असलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी ती माहिती आत्ताच लिहून ठेवावी. ती सांगणारी पिढी आज आपल्यात आहे, तोवरच हे शक्य आहे.